नोकरीचे पत्र आधी आमच्या प्रिंटरमधून निघते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी विट्यात सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, परीक्षांचे फॉर्म, रेल्वेची तिकिटे आणि पासपोर्टचे अर्ज असे सगळे एकाच टेबलावर चालते. मी पोलिसांत नाही, वकीलही नाही. पण परदेशी नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमारमध्ये कोंडलेल्या आणि सुटून आलेल्या आपल्या मुलांच्या बातम्या वाचताना मनात एकच येत राहिले. या मुलांच्या नोकरीच्या पत्राची प्रिंट कोणीतरी काढून दिली असेल, पासपोर्टचा अर्ज कोणीतरी भरला असेल, तिकिटावरचे नाव कोणीतरी तपासले असेल. ते कोणीतरी म्हणजे माझ्यासारखेच तालुक्याच्या गावातले दुकान. पोलिसांपर्यंत हा विषय पोचतो तेव्हा मुलगा परक्या देशात असतो. आमच्या काउंटरवर येतो तेव्हा तो अजून इथेच, एसटी स्टँडपासून दोन गल्ल्यांवर असतो. म्हणून हे पत्र.

१० आणि ११ मार्च २०२५ रोजी हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधील मे सोत येथून ५४९ भारतीय परत आले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून ६०हून अधिक जणांची सुटका केल्याचे जाहीर केले आणि काही एजंटांना अटकही झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमाने पाठवून शेकडो जणांना आणावे लागले. मे सोतला लागून मोई नदी आहे आणि नदीपलीकडे म्यानमारमधले म्यावड्डी. तिथे उंच भिंती आणि बंदूकधारी पहारा असलेल्या वसाहतींत जगभरातली तरुण मुले संगणकासमोर बसवली जातात. खोट्या नावाने, बहुतेकदा मुलीच्या नावाने, लोकांशी गोड बोलायचे, विश्वास बसला की बनावट गुंतवणुकीत त्यांचे पैसे अडकवायचे. पासपोर्ट काढून घेतलेला असतो. रोजचे ठरलेले काम झाले नाही की मार, उपास, विजेचे झटके. सुटायचे असेल तर घरून काही लाख मागवा, असे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता की असे जबरदस्तीने बसवलेले लोक एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख असावेत. आपल्याकडे टेलिग्रामवरच्या ‘पार्ट टाइम’ कामात फसलेली माणसे रोज भेटतात. पलीकडून मेसेज टाइप करणारा हात कधी कधी अशाच एखाद्या कोंडलेल्या मुलाचा असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आता काउंटरवर काय दिसते ते सांगते.

मुलगा बी.कॉम. नाहीतर डिप्लोमा झालेला असतो. स्पर्धा परीक्षेची दोन-तीन वर्षे झालेली असतात, नाहीतर पुण्यात बारा-पंधरा हजारांवर काम करून परत आलेला असतो. इंग्रजी बरे असते. त्याच्या मोबाइलवर एक पीडीएफ असते. वर मोठा लोगो, खाली सही-शिक्का, आणि पद ‘डिजिटल मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’, ‘डेटा एन्ट्री’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’. पगार डॉलरमध्ये, रुपयांत धरला तर सत्तर-ऐंशी हजार. राहणे, खाणे, तिकीट सगळे कंपनीचे. मुलाखत टेलिग्रामवर झालेली असते आणि मुलाखत म्हणजे टायपिंगचा वेग आणि दोन-चार इंग्रजी वाक्ये. कंपनीचा पत्ता म्हणून फक्त शहराचे नाव. ई-मेल फुकटातल्या खात्यावरचा. पत्राबरोबर परतीचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग येते आणि वर सूचना येते, ‘विमानतळावर विचारले तर फिरायला चाललोय म्हणायचे.’

या सूचनेपाशी आपण सगळ्यांनी थांबले पाहिजे. नोकरी खरी असेल तर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापासून ती लपवायची कशाला? थायलंडला भारतीयांना पर्यटक म्हणून सहज जाता येते, आणि याच सोयीचा गैरफायदा घेतला जातो. ‘वर्क परमिट तिथे गेल्यावर करून देऊ’ असे सांगितले जाते. बँकॉकला उतरल्यावर गाडी शहरात जातच नाही. पाचेकशे किलोमीटर चालून मे सोतला पोचते आणि मग रात्री नदी ओलांडली जाते. परराष्ट्र मंत्रालयाने २४ सप्टेंबर २०२२ रोजी नेमक्या याच प्रकाराबद्दल सूचना काढली होती. त्यात ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ हे पदाचे नावसुद्धा होते. एवढ्या वर्षांनंतरही आमच्या भागातल्या पालकांना ती ठाऊक नाही, कारण ती त्यांच्यापर्यंत, त्यांच्या भाषेत, कोणी आणलीच नाही.

आणखी एक गोष्ट पासपोर्टचे अर्ज भरताना कळली. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा, शेरा येतो आणि १८ देशांत कामाला जायचे तर त्याला सरकारची आधी मंजुरी घ्यावी लागते. आखाती देशांबरोबर थायलंडही त्या यादीत आहे. पण दहावी झालेल्यावर तो शेरा नसतो, त्यामुळे मंजुरीही नाही. गवंडी, सुतार, ड्रायव्हर यांच्यासाठी निदान कागदावर एक फाटक आहे. शिकलेल्या मुलाला तेही नाही, आणि टोळ्यांना हवा असतो तो हाच, इंग्रजी टाइप करणारा मुलगा. आपण समजतो की अडाणी माणूस फसतो. इथे शिकलेला आहे म्हणूनच त्याला हेरतात.

आमच्या खानापूर तालुक्यात बाहेर जाण्याचे कोणाला नवल नाही. दुष्काळी मुलूख. विट्याची, आटपाडीची माणसे गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पसरली आहेत. केरळात, बिहारात, बंगालमध्ये, सराफ कट्टा असेल तिथे आमच्याकडचा कोणी ना कोणी सापडतो. मिसरूड फुटायच्या आत पोरगा मामाबरोबर जातो आणि जत्रेला, दिवाळीला गावी येतो. त्यामुळे मुलगा लांब चालला म्हणून कोणी घाबरत नाही आणि घाबरूही नये. बाहेर जाऊ नका असे मी कधीच म्हणणार नाही, अर्धा तालुका त्यावर उभा आहे. पण गलाईच्या जाण्यात एक गोष्ट असते. नेणारा माणूस गावचा असतो, त्याची भावकी, त्याचे घर, त्याची जमीन इथेच असते. पोराला काही झाले तर त्याच्या आईच्या दारात जाऊन विचारता येते. टेलिग्रामवरच्या ‘एचआर’च्या दारात कोण जाणार?

गेल्या वर्षी एक मुलगा असेच पत्र घेऊन आला. आई यंत्रमागावर, वडील केरळात गलाईच्या दुकानात. ‘ताई, कलर प्रिंट द्या, विमानतळावर लागते,’ म्हणाला. मी प्रिंट काढण्याआधी त्याला शेजारी बसवले आणि परराष्ट्र मंत्रालयाचे ई-मायग्रेट संकेतस्थळ उघडले. तिथे नोंदणी असलेल्या भरती एजंटांची यादी बघता येते, परवाना चालू आहे की रद्द झालाय तेही दिसते, आणि बेकायदा एजंटांची यादी वेगळी असते. त्याच्या एजंटाचे नाव नोंदणीच्या यादीत नव्हते. बेकायदांच्या यादीतही नव्हते. मुलगा म्हणाला, ‘बघा, म्हणजे काही वाईट नाही ना.’ उलट आहे, असे मी त्याला सांगितले. ज्याची तक्रार झाली त्याचेच नाव बेकायदांत येते. आज नाव नाही म्हणून माणूस चांगला ठरत नाही. चांगला ठरतो तो नोंदणी असलेला.

तो चिडला. त्याची चूक नव्हती. मित्रांना सांगून झाले होते, बॅग घेऊन झाली होती, आणि आमच्या गावात ‘फॉरेनला चाललो’ म्हटल्यावर मागे फिरणे सोपे नसते. मी त्याच्या वडिलांना फोन लावून दिला. त्या माणसाने कायद्याचे काही विचारले नाही. एजंटाचा नंबर घेतला आणि फोन करून एवढेच म्हणाला, ‘आमच्या जिल्ह्यातलं तुमच्याकडं कोण काम करतंय? त्याच्या घरच्यांचा नंबर द्या. मी उद्या गावाकडं त्यांच्या घरी माणूस पाठवतो.’ आधी ‘देतो’ म्हणाले, मग कंपनीचे नियम सांगितले, मग ‘आजच्या आज तिकीट कन्फर्म करा नाहीतर जागा जाईल’ म्हणाले. रात्री नंबर ब्लॉक झाला. मुलगा आता कोल्हापुरात एका गाड्यांच्या शोरूममध्ये आहे, पगार त्या पत्रातल्या पगाराच्या चौथाईसुद्धा नाही. त्याचे दुःख मला कळते. चांगल्या पगाराची आशा धरणे हा काही हावरटपणा नव्हे, आणि फसलेल्या मुलांना ‘लोभाला बळी पडले’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

वडिलांची ती परीक्षा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते. या वसाहतींत कोंडलेल्यांना सांगितले जाते की तुमच्याकडची दोन माणसे आणून द्या, मग तुम्हाला सोडू, किंवा दंड माफ करू. म्हणजे बोलावणारा खरोखरच आपल्या तालुक्यातला, वर्गातला, ओळखीचा मुलगा असू शकतो. ‘ये रे, मजा आहे’ असे तोच म्हणेल, कारण मागे कोणीतरी उभे असेल. म्हणून आता मी येणाऱ्याला सांगते, की त्या मित्राला दुपारच्या वेळी व्हिडिओ कॉल कर आणि म्हण, बाहेर रस्त्यावर चल, मला कोपऱ्यावरचे दुकान दाखव. मोकळा माणूस हसत हसत दाखवेल. कोंडलेल्याला गेटबाहेर जाता येणार नाही. तो नेट नाही म्हणेल, ड्युटी आहे म्हणेल. आणि कुठेही जाताना घरच्यांशी एक शब्द ठरवून जा, जो बोलण्यात आला की समजायचे, मी अडचणीत आहे. यासाठी कुठले ॲप लागत नाही.

बायकांच्या बाबतीत रस्ता वेगळा असतो. मस्कतला, कुवेतला घरकाम, ‘मॅडम फार चांगली आहे, नर्ससारखेच काम’, आणि हातात व्हिजिट व्हिसा. ईसीआर पासपोर्ट असलेल्या बाईला या देशांत घरकामाला जायचे तर वय किमान ३० लागते आणि भरती सरकारने ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच व्हावी लागते. म्हणूनच व्हिजिट व्हिसा पुढे केला जातो. तो हातात दिसला की समजावे, हा नियम चुकवला जातोय. नोंदणी असलेला एजंटही उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि पावती त्याला द्यावीच लागते. पावती मागितल्यावर ज्याचा चेहरा बदलतो त्याच्याबरोबर घरातल्या कोणाला पाठवू नये.

आणि एक प्रकार इथलाच आहे, जो आमच्या टेबलावर नोकरीच्या पत्रांपेक्षा जास्त वेळा येतो. त्याबद्दल लिहिताना गावातले लोक माझ्यावर रागावतील हे मला माहीत आहे. आमच्या भागात शेती करणाऱ्या मुलांची लग्ने जमत नाहीत. मग मध्यस्थ येतात. दीड लाख, दोन लाख घेऊन लांबच्या जिल्ह्यातली नाहीतर परराज्यातली मुलगी ‘बघून देतात’. लग्न देवळात होते आणि आठवड्याभरात आधारवरचा पत्ता बदलायला मंडळी येतात. मुलीला काही विचारले की उत्तर मध्यस्थ देतो. मुलगी मराठी बोलत नाही. तिच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही. माहेरच्या कोणाचा नंबर विचारला तर मध्यस्थाचाच नंबर सांगितला जातो. कधी कोणी हळूच विचारते, ‘ताई, जन्मतारीख थोडी मागं घेता येईल का?’ याचा अर्थ विचारणाऱ्याला आणि मला दोघांनाही कळतो.

अशा लग्नांबद्दल वर्तमानपत्रात बातमी येते ती बहुतेक वेळा नवरी दागिने घेऊन पळाल्याची. नवऱ्याकडच्यांची फसवणूक होते, ती खरी आहे, आणि टोळ्याही आहेत. पण ते पैसे कोणाला मिळाले, मुलीच्या आईबापाला काय सांगितले होते, आणि ही मुलगी याआधी आणखी कोणाच्या घरात होती, हे कोणी विचारत नाही. मी आता एक नियम पाळते. कागद मुलीचे असतील तर मी मुलीशीच बोलते. बाकीच्यांना बाहेरच्या बाकावर चहा देते. हिंदीत, कानडीत, जमेल तसे तिला विचारते, घरी बोलणे होते का, इथे यायचे तुला कोणी सांगितले, परत जावेसे वाटले तर जाता येईल का. बहुतेक मुली ठीक असतात, लाजतात, हसतात. एक मुलगी रडली. पुढे काय झाले ते तिच्या सुरक्षिततेसाठी इथे लिहीत नाही, फक्त महिला हेल्पलाइन १८१ वर फोन लागला आणि माणसे आली, एवढे नक्की सांगते. मुलगी अल्पवयीन वाटली तर १०९८, आणि तातडीचे असेल तर ११२. हे तीन आकडे मी काउंटरच्या आतल्या बाजूला नाही, ग्राहकाच्या बाजूला चिकटवले आहेत.

लहान मुलांचेही तसेच आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुले थोडे पैसे आणि मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे कामाला दिल्याचे उघड झाले, तेही एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. शाळेचा हजेरीपट होता, रेशन कार्डावर नावे होती. वस्तीतून मुले एकेक करून दिसेनाशी होत होती आणि ते कोणाच्या तरी नजरेला नक्की पडले असणार.

तक्रार करायला लोक कचरतात, कारण ‘पोरगा स्वतःहून गेला’ हे पहिले वाक्य ठाण्यात ऐकावे लागते. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ याबाबत स्पष्ट आहे. फसवून, धाक दाखवून किंवा आमिष दाखवून, शोषणासाठी कोणाला भरती केले, नेले, ठेवून घेतले, तर तो गुन्हा आहे आणि त्या माणसाची संमती होती की नाही हे पाहिलेच जात नाही. शिक्षा किमान ७ वर्षे, बळी अल्पवयीन असेल तर किमान १० वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत. ज्याच्या घरचा कोणी असा अडकला आहे त्याने हे कलम कागदावर लिहून ठाण्यात न्यावे. परदेशी कामाबाबत विचारायला परराष्ट्र मंत्रालयाची १८००-११-३०९० ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. जाण्याआधी फोन केला तर सगळ्यात चांगले.

प्रशासनाकडे माझी मागणी मोठी नाही. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीसाठी हवालदार घरी येतो किंवा अर्जदाराला ठाण्यात बोलावतो. परदेशी निघालेला मुलगा, त्याचे आईवडील आणि सरकारचा माणूस एकमेकांसमोर येण्याची बहुधा ही एकमेव वेळ. त्या वेळी मराठीत छापलेले एक पान हातात द्यावे. त्यावर ई-मायग्रेटवर एजंट कसा तपासायचा, पर्यटक म्हणून कामाला का जाऊ नये, जास्तीत जास्त किती पैसे द्यायचे, आणि कोणते नंबर, एवढेच असावे. सांगलीच्या पोलीस अधीक्षकांनी ठरवले तर महिन्याभरात होईल. आम्हा सेवा केंद्रचालकांना तहसील कार्यालयात योजनांच्या बैठकांना बोलावतात, त्यातला अर्धा तास या विषयाला द्यावा आणि संशय आला तर कोणाला फोन करायचा ते नावानिशी सांगावे. फोन करणाऱ्याचे नाव गावात फुटणार नाही याची हमीही द्यावी, कारण मध्यस्थ आमच्याच गावात राहतात आणि आमचे दुकान त्यांना माहीत असते.

एक मागणी आपल्याकडेही आहे, संपादक महोदय. छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘परदेशात नोकरी, त्वरित संपर्क’ आणि खाली फक्त मोबाइल नंबर, अशा जाहिराती सगळ्याच वर्तमानपत्रांत येतात. आमच्याकडचे लोक छापलेल्या अक्षरावर अजून विश्वास ठेवतात. ‘पेपरात आलंय’ हे वाक्य मी अशाच एका वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. परदेशी नोकरीची जाहिरात घेताना एजंटाचा नोंदणी क्रमांक मागावा, तो ई-मायग्रेटवर तपासावा आणि जाहिरातीत छापावा. क्रमांक नसेल तर जाहिरात घेऊ नये. याने उत्पन्नाचे थोडे नुकसान होईल हे मला कळते. आपण हे सुरू करणार असाल तर तसे याच सदरात जाहीर करावे. तो अंक मी काउंटरवर ठेवीन.

आपली नम्र,
एक सेवा केंद्रचालक
विटा, जि. सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)